दोनशे चाळीस चिमटे

आमच्या रनिंग क्लबच्या ट्रेल रेसमध्ये, म्हणजे जंगलातल्या पायवाटांवरच्या शर्यतीत, यंदा मी धावले नाही. मी चिमटे लावले. कपडे वाळत घालायचे असतात ना, तेच लाकडी चिमटे. एकूण 240, प्रत्येकाला वीतभर रिबीन स्टेपल केलेली. दहा किलोमीटर चालत ते फांद्यांना लावायचे आणि शर्यत संपली की मोजून परत आणायचे. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तू पळायचं नाहीसच?"

जागा वॉचुंग रिझर्व्हेशन. न्यू जर्सीच्या युनियन काउंटीतलं दोनेक हजार एकरांचं जंगल. याला इथे पार्क म्हणतात. आपल्या डोळ्यांपुढे पार्क म्हटलं की घसरगुंडी आणि भेळवाला येतो, तसलं काही नाही. दोन लांबट डोंगररांगा आणि मधल्या खोऱ्यातून वाहणारा ब्लू ब्रुक नावाचा ओढा. पहिल्यांदा गेले तेव्हा पायाखालचा दगड ओळखीचा वाटला. घरी येऊन वाचलं तर खरंच बेसॉल्ट निघाला. आपला सह्याद्री साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हा 20 कोटींच्या आसपासचा, म्हणजे आपल्यापेक्षा बराच थोरला. दोघांनाही 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायरी. आणि ओला झाला की सिंहगडाच्या वाटेवर घसरतो तसाच माणूस इथेही घसरतो. फक्त वर पिठलं-भाकरी नाही.

परवाना, विमा, फिरती स्वच्छतागृहं हे सगळं क्लबमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी उन्हाळ्यातच उरकलं होतं. जंगल काउंटीचं, त्यामुळे आमच्या दहा लाख डॉलरच्या विम्यात काउंटीचंही नाव घालावं लागतं, एवढं मला कळलं. बाकी त्यांचं ते जाणोत.

माझ्याकडे खुणा. सह्याद्रीत कुणीतरी कधीतरी कातळावर पांढरे बाण रंगवून ठेवलेले असतात आणि ते वर्षानुवर्षं राहतात. इथे शर्यतीसाठी रंगाचा एक ठिपकाही चालत नाही. पायवाटांच्या कायमच्या खुणा मात्र झाडांवर असतात. त्यांना ब्लेझ म्हणतात, रंगाचा छोटासा उभा पट्टा. एक पट्टा म्हणजे सरळ जा. एकावर एक दोन म्हणजे वळण आलं, आणि वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला त्या बाजूला वळायचं. कळलं की इतकं सोपं वाटतं. पण आमचा मार्ग तीन वेगवेगळ्या वाटांचे तुकडे जोडून केलेला होता, म्हणून चिमटे.

पहिली चूक मी सप्टेंबरमध्येच करून ठेवली. रिबिनी आणल्या नारिंगी. दुकानात काय उठून दिसत होत्या! ऑक्टोबरमध्ये सरावाला म्हणून जंगलात एक लावून वीस पावलं मागे गेले, तर दिसेचना. मेपलचं अख्खं झाडच त्या रंगाचं झालेलं. लाल-गुलाबीचा विचार केला, तर क्लबातला एक जण म्हणाला की त्याला लाल आणि हिरव्यातला फरकच कळत नाही, आणि असे पुरुष वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात. शेवटी निळ्या घेतल्या. 240 चिमट्यांच्या रिबिनी उचकटून पुन्हा स्टेपल करण्यात दोन संध्याकाळी गेल्या. नवऱ्याने एकही टोमणा मारला नाही, हे त्याच्या हिशेबी नोंदवून ठेवते.

फाट्यांवर मैद्याचे बाण काढायचे असतात आणि चुकीच्या वाटेवर मैद्याचीच आडवी रेघ. चिमटीतून मैदा सोडत मी बाण काढला तर सोबतची बाई थक्क. तिच्या हातून नुसता ढीग पडत होता. दिवाळीत दारापुढे रांगोळी काढलेल्या हाताला यात विशेष काय? पण शर्यतीच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, पाऊस आला. पहाटे पाच वाजता कपाळाला दिवा बांधून गेले, तर बाणांची कणीक भिजलेली, आणि एका बाणाच्या जागी नुसते हरणाचे खूर. सगळे बाण पुन्हा. शिवाय एका फाट्यावरचे चार चिमटे गायब. फिरायला येणाऱ्या कुणीतरी कचरा समजून उचलले असणार. म्हणून तर खुणा फार आधी लावत नाहीत.

नऊला शर्यत सुटली. सुरुवात मुद्दाम रुंद रस्त्यावर ठेवतात, कारण पुढे वाट एकाच माणसाच्या रुंदीची होते; दीडशे जण एकदम तिथे घुसले तर चेंगराचेंगरी. रस्त्यावर पळतापळता रांग आपोआप लांबते. वाटेत डेझर्टेड व्हिलेज, म्हणजे ओसाड गाव, लागतं. 1845 मध्ये डेव्हिड फेल्ट नावाच्या माणसाने इथे गिरणी काढून कामगारांचं गाव वसवलं. आज मोजकी जुनी घरं उरली आहेत.

आणि गावापलीकडे पहिले चौघे चुकले. वळणाआधी मी तीन चिमटे लावले होते, वळणानंतर एकही नाही. वळल्यावर लगेच एक खूण दिसावी लागते, नाहीतर वेगात असलेला माणूस शंकेने मागे फिरतो किंवा सरळ निघून जातो. हे सरळ गेले. चार-पाच मिनिटांनी परत आले. त्यातला एक हसला, एक हसला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. मी धावत जाऊन दोन चिमटे लावले. खुणा लागतात त्या दोन टोकांना: सगळ्यात पुढच्याच्या पुढे बघायला कुणी नसतं आणि सगळ्यात मागच्याचे डोळे थकून पायांपुढच्या मुळांना खिळलेले असतात. मधल्यांचं काय, ते एकमेकांच्या पाठी बघून येतात.

शेवटच्या स्पर्धकामागे एक स्वयंसेवक चालतो, त्याला स्वीप म्हणतात. चिमटे काढणंही त्याचंच काम, म्हणून मीच निघाले. शेवटच्या बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. घोडा समोर आला की शर्यत असो नसो थांबून वाट द्यायची, हा इथला नियम; त्यांनी तर घोड्याची चौकशीही केली. "तुझी घाई तर नाही ना?" असं दोनदा मला विचारलं. आम्ही पोचलो तेव्हा शर्यत संपते तिथली कमान उतरवायला घेतली होती. त्यांना पाहून ती पुन्हा उभी केली.

खायला बेगल, केळी, संत्र्याच्या फोडी आणि मी एडिसनहून, म्हणजे इथल्या देशी दुकानांच्या गावाहून, आणलेली चिक्की. शेंगदाण्यांची अ‍ॅलर्जी इथे गंभीरपणे घेतात, म्हणून चिक्कीला वेगळं टेबल आणि वर मोठ्या अक्षरांत पाटी. गुन्हेगारासारखी एकटी बसली होती बिचारी. संपली मात्र सगळ्यात आधी.

घरी गेल्यावर फिक्या रंगाच्या मोज्यांवर गोचीड शोधायचे. इथल्या हरणांवरच्या गोचिडाने लाइम नावाचा आजार होतो, कनेटिकटमधल्या त्याच नावाच्या गावावरून. मला एक सापडला, मांडीवर चढायच्या बेतात.

मग चिमटे मोजले. 233. चार आधीच गेलेले, तरी तीन कमी. रविवारी परत जाऊन दोन शोधले. तिसऱ्यासाठी ओढ्यापर्यंत उतरले, मिळाला नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तुळशीबागेत डझनाने मिळतात. इकडून कुणी येत असेल तर देते पाठवून."