फ्रीडाज रॉकला ताऱ्यांचे फोटो काढायला जाताय? आधी उत्तर-दक्षिण समजून घ्या

आओराकी / माउंट कुकचं बर्फाळ टोक आणि बरोब्बर त्याला टेकलेला आकाशगंगेचा जाडजूड, उजळ गाभा. खाली ओळ, ‘फ्रीडाज रॉकजवळून’. म्हणजे त्याच डोंगराच्या पायथ्याशी, हुकर खोऱ्यातल्या एका दगडाजवळून. असा फोटो बघून न्यूझीलंडचं तिकीट काढणार असाल तर थांबा. तो फोटो तिथून निघत नाही. कॅमेरा कितीही महाग असो, निघत नाही. आम्हाला हाच फोटो दाखवून एका रात्रीच्या फोटो-सहलीचे सणसणीत पैसे घेतले गेले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हिशेब साधा आहे. ही जागा दक्षिण अक्षांश ४३.७ च्या आसपास. आकाशगंगेचा गाभा धनु राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशावर उमटवलं तर होणारी रेघ) २९ अंश दक्षिणेला. म्हणजे तो उत्तरेकडून जाताना क्षितिजापासून जवळपास ७५ अंशांवर असतो. जून-जुलैच्या रात्री मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय दिसत नाही. आओराकी ३७२४ मीटर उंच खरा, पण हुकर खोऱ्याच्या तोंडाशी उभं राहिलं की तो उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकलेला, आणि क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर दिसतो. शिखर आणि गाभा यांच्यात साठ अंशांहून जास्त आकाश मोकळं पडतं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १४ मिमीची लेन्स उभी धरली तर दोन्ही एका चौकटीत मावतात, पण शिखर तळाशी नखाएवढं उरतं. २४ मिमी उभी धरूनही जेमतेम, अगदी कडांना टेकून मावतात. शिखरामागे गोल फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा दाखवणारे फोटोही तसेच, दोन फोटो एकत्र जोडून केलेले. तारे ज्याभोवती फिरताना दिसतात तो आकाशातला दक्षिण ध्रुवबिंदू तुमच्या पाठीमागे असतो, आओराकीच्या मागे नाही.

आता खुद्द फ्रीडाज रॉक. व्हाइट हॉर्स हिलच्या कॅम्पसाइटवरून हुकर व्हॅलीची वाट धरली की थोड्याच वेळात लागतो. कोणी त्याला ‘लुकआउट’ म्हणालं तर मोठा सज्जा वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. पाटी लावलेली शिळा आहे. सिडनीची फ्रीडा द्यू फॉर ३ डिसेंबर १९१० रोजी आओराकीच्या माथ्यावर पोचली, तिथे पोचलेली पहिली स्त्री, आणि उतरल्यावर या दगडाशी तिचा फोटो काढला गेला. बाईमाणसाने एकट्या वाटाड्याबरोबर डोंगरात रात्र काढायची म्हणजे काय, अशी कुजबूज त्या काळी तिच्यामागे होती. तरीही १९१३ साली पीटर ग्रॅहम आणि डेव्हिड थॉमसन यांच्यासोबत तिने आओराकीची तिन्ही शिखरं सलग पार केली. मला त्या दगडावर हात ठेवून भरून आलं. पण फोटोसाठी जागा म्हणून विचाराल तर दहा मिनिटं थांबा आणि पुढे चला.

पुढे अल्पाइन मेमोरियल आहे, उंचवट्यावर दगडी बांधकामाचं. १९१४ च्या हिमप्रपातात गेलेल्या तिघांचं हे स्मारक, त्यात तोच थॉमसन. तिथून खोरं मोकळं दिसतं, स्मारक पुढ्यात धरता येतं. ट्रायपॉड इथेच लावा.

काय जमतं ते सांगते. ऑगस्टच्या शेवटी रात्री साडेनऊ-दहाला श्रवण तारा आओराकीच्या वर येतो आणि आकाशगंगेचा पट्टा डोक्यावरून त्याच्यामधून खाली डोंगरात उतरतो. गाभ्यापेक्षा फिका, पण खरा. गाभाच हवा असेल तर पश्चिमेकडे वळा. सप्टेंबरमध्ये रात्री दहाच्या सुमारास तो पश्चिमेला साधारण ४५ अंशांवर उतरलेला असतो, माउंट सेफ्टनच्या डावीकडच्या कड्यांवर. उन्हाळ्यात, म्हणजे फेब्रुवारीत, आओराकीवर आपलं मृग नक्षत्र उलटं टांगलेलं दिसतं, व्याध त्याच्याही वर. आणि दक्षिणेकडे वळून बघायला विसरू नका. त्रिशंकू, त्याच्या कुशीतली ‘कोळशाची पिशवी’ म्हणजे काळा धुळीचा डाग, आणि मॅगेलनचे दोन्ही ढग, म्हणजे ढगांसारख्या दिसणाऱ्या शेजारच्या दीर्घिका. घरून जेमतेम क्षितिजाशी दिसणारा त्रिशंकू इथे मावळतच नाही. मी शटर दाबायचं सोडून नुसती बघत राहिले. २०१२ पासून हा सगळा भाग राखीव अंधारक्षेत्र आहे, ४३६७ चौरस किलोमीटर, आणि तो अंधार खरोखर अंधार आहे.

एक्स्पोजरबद्दल कोणी सांगत नाही ती गोष्ट: उत्तरेकडचे तारे विषुववृत्ताजवळचे, म्हणून चौकटीत सर्वांत वेगाने सरकतात. २० मिमीला मी १० सेकंदांच्या पुढे गेले नाही, एफ १.८, आयएसओ ३२००. दक्षिणेकडे तीच लेन्स आरामात जास्त वेळ उघडी ठेवता येते. अमावास्येला बर्फही काळपट राखाडी येतो. म्हणून संधिप्रकाशातच डोंगराचा फोटो घ्या आणि ट्रायपॉड तसूभर न हलवता तारे येईपर्यंत थांबा. इतकं जोडकाम मला मान्य आहे.

खरा त्रास कॅम्पसाइटच्या गाड्यांचा. एक गाडी वळली की हेडलाइटचा झोत अख्ख्या खोऱ्यावरून फिरतो आणि चाललेलं एक्स्पोजर बाद. अकराच्या आधी सलग काम होईल अशी आशा ठेवू नका. त्यात खोऱ्यातून उतरणारा वारा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचाच नाही, बॅग खाली टांगायची. लेन्सवर दव धरून गोठतं, हीटरचा पट्टा नसेल तर तासाभरात सगळं धूसर.

फोटो-सहल घेऊ नका. तीन पाय आणि लाल टॉर्च ज्याच्याकडे आहे त्याला तिथे शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. निम्मा वेळ तर गरम चॉकलेट वाटण्यात गेला.

हुकरची वाट वरच्या पुलाच्या कामासाठी २०२५ मध्ये पुढे बंद केली होती, जाण्याआधी संवर्धन खात्याची सूचना बघा. आपल्या कामाला पहिल्या पुलापलीकडे जावंच लागत नाही. मुक्काम शक्यतो कॅम्पसाइटवर किंवा माउंट कुक गावातच करा. ट्विझेल या लांबच्या गावी राहून पहाटे परतायचं म्हणजे पुकाकी तळ्याच्या काठाने हिवाळ्यात डांबरावरचं न दिसणारं बर्फ, आणि झोप डोळ्यांवर. आणि गाडीबाहेर काही ठेवू नका. किया पोपट रबर कुरतडतात, ट्रायपॉडच्या पायांची टोपणंसुद्धा.