‘निष्क्रिय’ अशी चिठ्ठी

इंग्लंडमधल्या एका लष्करी संग्रहालयात मी नोंदणीचं काम करते. दारूगोळ्याच्या खणांचा क्रम ठरलेला आहे. आधी पुंगळीला, म्हणजे दारू भरायच्या पितळी नळीला, भोक पाडलंय का बघायचं, मग दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीवर पिनेचा घाव आहे का ते बघायचं आणि चिठ्ठी सगळ्यात शेवटी वाचायची.

‘७.९२ मि.मी. जर्मन रायफल, निष्क्रिय’ अशी चिठ्ठी लावलेल्या ट्रेमध्ये तीन काडतुसं होती. दोघांना भोक होतं, तिसऱ्याला नव्हतं आणि त्याची टोपीही शाबूत. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. गोळीचा व्यास बरोबर, पण साध्या माउझर रायफलीच्या काडतुसाची पुंगळी ५७ मि.मी. असते आणि ही ९४च्या आसपास, बुडाशी चांगली जाड, खांद्याला एकदम आवळलेली. बुडावरचे शिक्के कुणीतरी पितळ चमकवताना घासून टाकलेले. असल्या हौशी चकचकीतपणाने जितके पुरावे गेलेत, तितके गंजानेही गेले नसतील.

हे ‘पात्रोने ३१८’, दुसऱ्या महायुद्धातल्या पांझरब्यूक्से ३८ आणि ३९ या जर्मन रणगाडाविरोधी रायफलींचं काडतूस. मोठ्या पुंगळीत भरपूर दारू ठासायची आणि बारीक गोळी सेकंदाला १,२०० मीटरच्या वेगाने पाठवायची, ही त्यामागची युक्ती. पोलंडने वझुर ३५ रायफलीसाठी हीच वाट धरली होती. व्यास तोच ७.९२, पुंगळी १०७ मि.मी. आणि गोळीत चक्क शिशाचा गाभा! ती पोलाद भेदत नसे. पत्र्यावर चपटी होऊन गोळीपेक्षा मोठा तुकडा आतल्या माणसांच्या अंगावर उडवत असे. आमच्या यादीत माउझर, पात्रोने आणि पोलिश अशी तिन्ही जातींची काडतुसं ‘७.९२’ या एकाच ओळीत बसतात. फक्त व्यासावरून लावलेली यादी मला यादीच वाटत नाही. शेजारच्या खणातलं ‘बॉईज’ या ब्रिटिश रणगाडाविरोधी रायफलीचं .५५ इंची काडतूस बुडाजवळच्या उंच कड्यामुळे तरी लगेच ओळखू येतं. सोळा किलोची ती रायफल ब्रिटिश-भारतीय पलटणींनीही खांद्यावर वाहिली.

लष्कराचं बॉम्बनाशक पथक येऊन जिवंत काडतूस घेऊन गेलं. पथकातल्या माणसाला मी गोळीच्या आतली रचना सांगितली, तेव्हा तो थांबून ऐकत राहिला. पुढे टंगस्टन कार्बाइडचा कठीण गाभा, त्याच्या मागे अश्रुवायूची इवलीशी वडी.

ती वडी माझ्या डोक्यातून जात नाही. एवढ्या बारीक भोकाने रणगाडा थांबेलच असं नाही, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून आतली माणसं डोळे चोळत बाहेर यावीत, असा हिशोब कुणीतरी टेबलाशी बसून केला. वायू इतका थोडा होता की रणगाड्यातल्यांना तो जाणवलाच नाही. पकडलेली काडतुसं कापून पाहिली, तेव्हा दोस्त राष्ट्रांना त्याचा पत्ता लागला. पुढे चिलखतं जाड होत गेली आणि १९४२पासून पांझरब्यूक्से ३९ या रायफलींच्या नळ्या कापून त्यांना ग्रेनेड फेकायच्या कामाला लावलं.

भोक असलेली दोन काडतुसं, तीही पात्रोने ३१८च, आता प्रदर्शनात जाणार आहेत. पाटीवर मी अश्रुवायूचं वाक्य लिहिलंय. वरिष्ठ म्हणतात, पाटी लांब होते, ते काढा. काढायचंच असेल तर वेगाचा आकडा काढा, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे.