आधी मजकूर, मग मांडणी : एका वाचनालयाचे संकेतस्थळ करताना

तालुक्याच्या गावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ करून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी पहिल्याच बैठकीला दोन-तीन नमुने घेऊन यावे आणि त्यांतला एक निवडावा, अशी कार्यकारी मंडळाची अपेक्षा होती. मजकूर हाती आल्याशिवाय मांडणीला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे, कारण तात्पुरत्या मजकुरावर बेतलेली पाने खरा मजकूर आला की हटकून विसकटतात. म्हणून नमुने करण्याआधी मी ग्रंथपालबाईंच्या टेबलाशेजारी बसून सभासद काय विचारतात ते टिपत गेलो. अमुक पुस्तक आहे का, आज किती वाजेपर्यंत उघडे आहे, अनामत किती आणि मासिक वर्गणी किती, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते. मुखपृष्ठ त्या टिपणावरूनच ठरले: वर पुस्तक शोधण्याची चौकट, त्याखाली वेळा, मग वर्गणी. मंडळाला तेथे पदाधिकाऱ्यांची फिरती छायाचित्रे हवी होती. टिपण वाचून दाखवल्यावर ती ‘आमच्याविषयी’ या पानावर ठेवायला कार्यवाहांनी स्वतःच संमती दिली.

खरे काम ग्रंथसूचीत होते. ‘सगळे टाइप केलेले आहे, तुम्ही फक्त चढवा,’ असे मला सांगण्यात आले होते आणि ते खोटेही नव्हते. पण ते टाइपिंग युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमधले होते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे ठरलेले संकेत देणारी आजची सर्वमान्य पद्धत. अशा फाँटमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा परिवर्तक वापरला तरी अडचण उरते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट, तो जुन्या पद्धतीत अक्षरानंतर देतात आणि युनिकोडमध्ये ‘र’ व हलन्त आधी येतात. जोडाक्षर आले की परिवर्तक येथेच चुकतो. ग्रंथपालबाईंनी आणि मी दाखल क्रमांकानुसार गठ्ठे पाडून सूची नोंदवहीशी ताडून पाहिली. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून केलेला शोध वाचकाला हमखास फसवतो, असे माझे ठाम मत आहे.

शोधात आणखी एक गाठ निघाली. ‘दऱ्याखोऱ्या’ या शब्दातला अर्धा र काही नोंदींत ‘ऱ’ आणि हलन्त अशा क्रमाने होता, तर काहींत साध्या ‘र’नंतर हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असे होते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि पुस्तक कपाटात असूनही ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. म्हणून सूची साठवताना आणि वाचकाने टाइप केलेला शब्द घेताना, दोन्हीकडे एकच रूप करून घेण्याची व्यवस्था केली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही शोधापुरता बाजूला ठेवला.

दिसण्याच्या बाबतीत फारसा वाद झाला नाही. फाँट ‘मुक्ता’ घेतला. तो मुक्त परवान्याचा असल्याने संस्थेवर खर्च पडला नाही. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवले, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार यांना जागा लागते. शीर्षकांत अक्षरांमधले अंतर वाढवायचे नाही, कारण शिरोरेषा तुटते. पांढऱ्यावर केशरी अक्षरे हवीत असे सुचवले गेले होते. सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही पान वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे (काँट्रास्टचे) प्रमाण निदान ४.५ : १ लागते आणि सुचवलेल्या छटेचे ते २ च्या थोडेच वर होते. वाचनालयाचे बरेच सभासद साठीच्या पुढचे आहेत, त्यामुळे केशरी रंग पट्टीपुरता राहिला आणि अक्षरे काळी झाली. जुन्या, स्वस्त फोनवर मोबाइल डेटा वापरून पान उघडून पाहिल्याशिवाय मी ते दाखवायलाही नेले नाही.

व्यवहाराची बाजू मी आरंभीच लेखी केली होती: पाने किती, बदलांच्या फेऱ्या किती, मजकूर कोण देणार, पैसे कोणत्या टप्प्यांवर. संस्थेचे आधीचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, एका परिचिताच्या नावावर होते आणि नूतनीकरण न झाल्याने ते हातचे गेले होते. या वेळी डोमेन आणि होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा) दोन्ही संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या खात्यातून घेतली. पासवर्ड कार्यवाहांकडे आणि नूतनीकरणाच्या तारखा अंदाजपत्रकात. ग्रंथपालबाईंनी माझ्या मदतीशिवाय नव्या पुस्तकांची नोंद केली आणि ती शोधात सापडली, त्यानंतरच मी शेवटच्या हप्त्याचे बिल दिले. देवघेव विभागाची जुनी हस्तलिखित रजिस्टरे अजून सूचीत आलेली नाहीत. ती कोणी टाइप करायची हे मंडळाच्या पुढच्या सभेत ठरेल.