ऑलिम्पस ३५ आरसी: योग्य सेल घातल्यावर बिघडलेला हिशेब

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की माझ्या ऑलिम्पस ३५ आरसी या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचा प्रश्न आता केवळ सेलपुरता उरला आहे आणि श्रवणयंत्रात वापरतात तो १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल बसवला की तोही सुटेल. तो अंदाज साफ चुकला. योग्य सेल घालून काढलेला दुसरा रोल पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट निघाला आणि त्यानंतरचे तीन आठवडे मी याच एका कोड्यात अडकून पडलो होतो. गेल्या रविवारी ते सुटले, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी जे नीट झाले ते थोडक्यात सांगतो. मागच्या झाकणाचे लाइट सील, म्हणजे बाहेरचा उजेड अडवणाऱ्या फोमच्या पट्ट्या, पूर्ण बदलले. जुना फोम डांबरासारखा चिकट झाला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातकोरण्यांनी खरवडून काढायला दोन संध्याकाळी लागल्या. खाचांमध्ये काळ्या लोकरीचा धागा आणि बिजागरीच्या बाजूला पातळ फेल्ट बसवले. त्यानंतर कॅमेरा भर उन्हात तासभर ठेवूनही एकाही फ्रेमवर प्रकाशाचा पट्टा आलेला नाही. फोकससाठी दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरवणारा रेंजफाइंडरही पांडवलेणीच्या डोंगराची कड समोर धरून तपासला. दूरच्या अंतरावर दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकावर एक बसतात. साडेतीन हजारांत घेतलेल्या, पन्नास वर्षे जुन्या कॅमेऱ्याकडून मला एवढीही अपेक्षा नव्हती.

आता मूळ दुखणे. हा कॅमेरा १९७० सालचा आणि त्याचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला. तो सेल आता मिळत नाही. पहिल्या रोलच्या वेळी मी सगळे करतात तेच केले, म्हणजे दीड व्होल्टचा एलआर४४ घातला. जास्त व्होल्टमुळे काटा पुढे सरकतो, आहे त्यापेक्षा अधिक उजेड असल्याची कॅमेऱ्याची समजूत होते आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे कमी उजेड पडलेले, येतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात तो रोल बरा निघाला. गोदाघाटावरच्या उन्हातल्या फ्रेम किंचित दाट, म्हणजे जास्त उजेड पडलेल्या, होत्या, पण एचपी५ ही कृष्णधवल फिल्म एवढे सहज सोसते. घरातल्या फ्रेम मात्र पातळ होत्या आणि त्याचा दोष मी कमी उजेडाला देऊन मोकळा झालो. तिथेच खरा सुगावा होता आणि तो मी हातचा घालवला.

मग ६७५ क्रमांकाचे झिंक-एअर सेल आणायला कॅनडा कॉर्नरजवळच्या श्रवणयंत्रांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या ताईंनी विचारले, "आजोबांचं मशीन कोणत्या कंपनीचं आहे?" कॅमेऱ्यासाठी हवेत म्हटल्यावर त्यांनी कॅमेरा बघायला मागितला, सेलची चकती जागेवर धरून पाहिली आणि म्हणाल्या, "हा आत खुळखुळेल हो. रिंग लावा कशाची तरी." त्यांचे बरोबर होते. पीएक्स६२५ चा व्यास सुमारे १५.६ मिलिमीटर असतो आणि ६७५ चा ११.६. शेवटी नळाच्या कामाला लागणारी रबरी रिंग प्लंबिंगच्या दुकानातून आणली, उंचीतला फरक भरण्यासाठी अॅल्युमिनियम फॉइलची घडी ठेवली आणि सेल घट्ट बसला. चिकटपट्टी काढल्यावर त्याला मिनिटभर हवा खाऊ द्यावी लागते, तेही केले.

त्या सेलवर काढलेला रोल फिल्म धुण्याच्या टाकीतून बाहेर आला तेव्हा ओल्या अवस्थेतच कळले की काहीतरी फार बिनसले आहे. उन्हातल्या फ्रेम जवळजवळ काळ्या होत्या. नारोशंकराच्या देवळाच्या फ्रेममध्ये काळ्या दगडावरची सावलीतली नक्षी बारीकसारीक तपशिलासह उतरली होती, मात्र आकाश आणि उन्हातल्या पायऱ्या यांचा एकच दाट ठोकळा झाला होता. आणि त्याच रोलवरच्या घरातल्या फ्रेम, म्हणजे ट्यूबलाइटखाली मेथी निवडणारी आई, अगदी हव्या तशा आल्या होत्या. सगळे योग्य केल्यावर निकाल बिघडावा, याइतके हताश करणारे दुसरे काही नाही.

पहिला संशय अर्थातच धुण्यावर गेला. एप्रिलमधले नाशिकच्या नळाचे पाणी कुणालाच वीस अंशांवर मिळत नाही. मी डी-७६ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक पातळ करून वापरतो. वीस अंशांना अकरा मिनिटे हा माझा ठरलेला वेळ. त्या दिवशी बर्फाच्या परातीत टाकी ठेवूनही तापमान चोविसावर राहिले, म्हणून वेळ साधारण आठ मिनिटांवर आणला होता. तरी मनात शंका राहिली. ती फिटली फिल्मच्या कडेमुळे. फिल्मच्या कडेवरची नावे आणि आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि ते आपल्या डेव्हलपरमध्ये उठतात. त्यामुळे त्यांच्या दाटपणाचा कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो. दोन्ही रोलच्या कडा शेजारी ठेवून खिडकीतल्या उजेडात पाहिल्या, तर अक्षरे सारखीच दिसली. म्हणजे धुणे ठीक होते आणि फिल्मवर उजेडच जास्त पडला होता. निगेटिव्ह दाट दिसले की डेव्हलपरला दोष देण्याआधी कडेची अक्षरे पाहावीत, अशी माझी सर्वांना आग्रहाची विनंती आहे. त्याने निदान एक आठवडा वाचतो.

दुसरा संशय शटरवर. मागचे झाकण उघडून, पलीकडे दिवा ठेवून, फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या गतीने चित्रण केले. सेकंदाच्या १/१५ या वेगाला सोळा आणि १/६० ला चार फ्रेम उजळ दिसायला हव्यात आणि जवळपास तेवढ्याच दिसल्या. १/५०० या पद्धतीने मोजता येत नाही, पण हळू वेग निरोगी असताना फक्त वरचाच वेग दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) घसरेल असे वाटले नाही. अॅपर्चरच्या, म्हणजे भिंगातून उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर तेल नव्हते, एफ/२२ पर्यंत ती चटकन मिटत होती (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान). फिल्मचा वेग, म्हणजे तिची उजेडाची संवेदनशीलता, सांगायचे कडे ४०० वरच होते.

तेव्हा मी जे सुरुवातीलाच करायला हवे होते ते केले. ३५ आरसीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये कॅमेऱ्याने निवडलेले अॅपर्चर दिसते, त्यामुळे फिल्म न घालताही प्रकाशमापकाची परीक्षा घेता येते. फोनमधल्या लाइट मीटरशी ताडून पाहिले. गच्चीवरच्या उन्हातल्या भिंतीवर १/५०० ला फोन एफ/१६ सांगत होता आणि कॅमेरा एफ/८, म्हणजे पुरे दोन स्टॉप. जिन्यातल्या सावलीत १/१२५ ला फोन एफ/८ आणि कॅमेरा एफ/५.६, म्हणजे एकच स्टॉप. खोलीत १/३० ला दोघेही एफ/२.८.

ही तीन मापने वहीत एकाखाली एक लिहिली आणि पुष्कळ वेळ त्यांच्याकडे पाहत बसलो. चूक सगळीकडे सारखी असती तर कडे फिरवून भरून काढता आली असती. ती उजेडाबरोबर वाढत होती. प्रकाशमापकातल्या कॅडमियम सल्फाइडच्या सेन्सरचा विद्युतरोध अंधारात फार मोठा असतो आणि उन्हात अगदी कमी होतो. याच वाटेत कुठेतरी नको असलेला रोध घुसला असेल, तर अंधारात तो सेन्सरच्या मोठ्या रोधापुढे जाणवणारही नाही, पण उन्हात सेन्सरचा रोध घटला की तोच प्रवाहाला अडवून धरेल आणि काटा मागे राहील. हे लक्षात आल्यावर रात्रीचे साडेदहा वाजले होते तरी तळपट्टीचे स्क्रू काढल्याशिवाय झोपणे शक्य नव्हते.

सेलच्या खोबणीची आतली बाजू वरून चकचकीत दिसते, कारण विकणाऱ्याने तिला पॉलिश केले होते. तळपट्टी काढल्यावर खोबणीच्या मागच्या टोकाशी, तार जिथे डाग देऊन जोडलेली आहे तिथे, हिरवट जंगालाचा गोळा होता. कोणे एके काळी आत सेल फुटलेला असणार. तारेवरचे प्लॅस्टिक नखाने सोलले, तर आतले तांबे हिरव्या पिठासारखे बोटावर आले. मल्टिमीटरची टोके तारेच्या दोन्ही बाजूंना लावली. आकडा शून्याच्या आसपास असायला हवा होता. तो चारशे ते नऊशे ओहमच्या मध्ये नाचत होता आणि तार जराशी हलवली की बदलत होता.

मग पहिल्या रोलचा उलगडा झाला. दीड व्होल्टचा सेल काट्याला पुढे ढकलत होता आणि गंजलेली तार त्याला मागे ओढत होती. उन्हात दोन्ही चुकांनी एकमेकींना बऱ्यापैकी झाकले, तर घरातल्या मंद उजेडात तारेची ओढ जाणवत नसल्याने जास्त व्होल्टची चूक उघडी पडली आणि फ्रेम पातळ आल्या. योग्य सेल घालून मी त्यांतली एक चूक दूर केली आणि दुसरीला रान मोकळे करून दिले.

दुरुस्ती शोधापेक्षा पुष्कळ सोपी निघाली. खोबणीच्या टोकाला कापसाच्या काडीने व्हिनेगर लावले, फेस येणे थांबेपर्यंत पुसले, मग अल्कोहोलने साफ केले. जुन्या चार्जरच्या केबलमधली बारीक तार घेतली आणि पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन्ही टोकांना डाग दिला. खोबणी प्लॅस्टिकची आहे, त्यामुळे आयर्न दोन सेकंदांहून जास्त टेकवायचे नाही, हे महात्मा गांधी रस्त्यावर ज्या काकांकडून मी सुटे भाग घेतो त्यांनी बजावून सांगितले होते. त्यांच्याकडचा डागाचा धातू ऑनलाइन मागवलेल्यापेक्षा महाग पडतो, पण तो कमी उष्णतेत आणि स्वच्छ वितळतो, म्हणून या कामाला मी तोच वापरतो. तळपट्टी लावण्याआधीच गच्चीवर गेलो. उन्हातल्या भिंतीवर एफ/१६. जिन्यात एफ/८. खोलीत एफ/२.८. काटा एफ/१६ वर जाऊन स्थिर थांबला, तो क्षण माझ्या या छंदातल्या फार मोठ्या आनंदांपैकी एक आहे.

खात्रीसाठी शंभर फुटांच्या डब्यातून बारा फ्रेमचा तुकडा भरला आणि तोच घाट, तेच देऊळ, तीच ट्यूबलाइट पुन्हा टिपली. तुकडा आत्ता न्हाणीघरात वाळतो आहे. आकाशात ढगांचे थर दिसत आहेत.

आता पुढचे. भाचीसाठी दुसरा कॅमेरा निवडायचा आहे आणि बजेट पाच हजारांचे आहे, हे मागे लिहिले होते. वैतागाच्या त्या तीन आठवड्यांत मी ठरवून टाकले होते की आरसी विकायचा आणि पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन बोरा बाजारातून ऑलिम्पसचेच दोन ट्रिप ३५ कॅमेरे आणायचे. ट्रिपला सेलच लागत नाही. भिंगाभोवतीचा सेलेनियमचा पट्टा उजेडावरच वीज निर्माण करतो आणि उजेड कमी पडला की लाल पताका वर येऊन शटर अडते. पण सेलेनियम दमलेले असेल तर त्यावर घरगुती उपाय नाही, वेग दोनच, १/४० आणि १/२००, आणि फोकस अंदाजाने. आरसीचा प्रकाशमापक उद्या पूर्ण मेला तरी १/१५ पासून १/५०० पर्यंतचे सगळे वेग आणि सगळी अॅपर्चर हाताने वापरता येतात, आणि भर उन्हात ४०० च्या फिल्मला १/५०० व एफ/१६ हे गणित तोंडपाठ असले की काम भागते. स्वयंचलित प्लॅस्टिकचे कॉम्पॅक्ट मी यादीतून केव्हाच काढले आहेत. त्यांच्यातले सर्किट गेले की कॅमेराच गेला, आणि डब्यातून भरलेल्या, डीएक्स पट्टी (कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगणारी डबीवरची खूण) नसलेल्या फिल्मला त्यांतले बरेचसे १०० चीच समजतात. त्यामुळे भाचीसाठीही आरसीच पाहीन. फोनवरच्या लाइट मीटरशी ऊन, सावली आणि खोली अशा तिन्ही ठिकाणी ताडून पाहू न देणाऱ्या विक्रेत्याकडून मात्र घेणार नाही. ज्याने मला हा कॅमेरा विकला त्याच्या लेखी चालू स्थितीचा अर्थ एवढाच होता की बटण दाबले की टक असा आवाज येतो.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचले. झिंक-एअर सेल नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात आतून लवकर वाळतो आणि न वापरताही संपतो. व्होल्ट उतरवणारा अडॅप्टर विकत घेण्याचा विचार होता, पण तार आता मीच नवी टाकली आहे आणि तिचे टोक हाताशी आहे, तेव्हा तिच्यातच थोडे व्होल्ट उतरवणारा एक शॉटकी डायोड जोडला तर १.५५ व्होल्टचा एसआर४४ कायमचा वापरता येईल. प्रकाशमापकाच्या सूक्ष्म प्रवाहाला डायोड नेमके किती व्होल्ट उतरवतो हे जोडण्याआधी मल्टिमीटरवर पाहावे लागेल. काकांकडे दोन-तीन प्रकारचे डायोड आहेत. बुधवारी घाटावरच्या बाजाराला जायचेच आहे, तेव्हा येताना प्रत्येकी दोन घेऊन येतो आणि तिन्ही ठिकाणची मापने पुन्हा टिपून पुढच्या नोंदीत देतो.