अल्गॉन्क्विनमधली झोळी: पाठीखालचं आधी बघा

"हॅमॉकमध्ये स्लीपिंग बॅग टाकली की झालं, सप्टेंबरात आणखी काही लागत नाही." कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कच्या सहलीसाठी हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी, आणि बाकी सामान भाड्याने घेतलं त्या दुकानात हे आम्हाला छातीठोकपणे सांगितलं. साफ चूक आहे. रात्री दोन वाजता छाती-पोट उबेत आणि पाठ ओल्या फरशीवर टेकल्यासारखी गार, असा मी जागा होतो. अंगाच्या भाराने बॅगेतला भराव दबतो, त्यात कोंडलेली हवा निघून जाते आणि पातळ कापडाखालून वारा वाहत राहतो. कानटोपी, जाकीट, दोन मोजे, सगळं घातलं. काही उपयोग नाही, थंडी खालून येते.

टोरोंटोहून गाडीने तीन तासांवर स्मोक लेक, ते कनूने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) पार करून २४० मीटरचं पोर्टेज, म्हणजे होडी-सामान उचलून चालायची वाट, की रॅगेड लेक. इथवर सोपं आहे. पुढे बिग पॉर्क्युपाइनला जाताना ५९० मीटरचं पोर्टेज लागतं, त्याला 'डेव्हिल्स स्टेअरकेस' म्हणतात. आकड्यावर जाऊ नका. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला ५९० मीटर म्हणजे काहीच वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पण डोक्यावर वीस किलोची कनू पालथी असली की समोरची चार पावलंच दिसतात, आणि चढ छातीवर येतो. माझे खांदे दोन दिवस दुखत होते. आधी पाठपिशव्या नेऊन वाट बघून या, मग रिकाम्या हाताने परत येऊन कनू उचला. एका फेरीत सगळं न्यायचा हट्ट नको.

वर पोचलो तर तंबूच्या जागेवर नुसती मुळं आणि कातळ. मेहुण्याच्या तंबूची एकही खुंटी धड गेली नाही, रात्रभर तो उतारावरून घसरत होता. मी मात्र त्याच खडकांवर झोळी टांगली. दुपारी त्यात पडलो आणि खांद्यांचा ठणका उतरला! लहानपणी जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपवत, तेच सुख. या प्रदेशात तंबू न्यायचं कारण मला आता दिसत नाही.

फक्त पाठीखालची सोय हवी. अंडरक्विल्ट घ्या: ही रजई हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगतात, म्हणून ती दबत नाही. दुसऱ्या रात्री मी मेहुण्याची फोमची चटई आत घातली, ती सरकत होती तरी झोप लागली. झाडं चार-पाच मीटर अंतरावरची, जिवंत, आणि वर सुकलेली फांदी नाही ना ते बघून. दोरी नको, खोडाला रुंद पट्टेच बांधा, ते आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांत उतरू द्या. कापड ताणून बांधलंत तर खांदे आवळतात. सैल ठेवून तिरकं झोपा, पाठ सपाट राहते. पावसासाठी वर बांधायची ताडपत्री हॅमॉकपेक्षा लांब हवी.

लोणचं प्लास्टिकच्या डबीत घ्या. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पदार्थांचे पत्र्याचे डबे पार्कच्या आतल्या भागात नेता येत नाहीत.

परतीच्या सकाळी लून पक्षी ओरडत होते, झोळीतून उठवेना, निघायला दहा वाजले. स्मोक लेकवर तोवर समोरचा वारा उठला होता. लाटा कनूत येत होत्या, काठाकाठाने वल्हवत दुप्पट वेळ लागला. ते तळं सकाळी लवकर पार करा.