चढली खरी, पण उतरणार कशी? जानेवारीतलं मनाली–सिस्सू

पुणे ते मनाली साधारण दोन हजार किलोमीटर. त्याबद्दल फार लिहीत नाही. किरतपूर–नेरचौक चौपदरी रस्त्यामुळे मंडीपर्यंतचा टप्पा आता बराच सुसह्य झालाय, एवढं पुरे. खरं सांगायचंय ते मनालीच्या पुढच्या चाळीसेक किलोमीटरबद्दल, त्यातही परतीच्या दहा-बारा किलोमीटरबद्दल.

गाडी डिझेल ऑटोमॅटिक, ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी. ट्रॅक्शन कंट्रोल, उतारावर आपोआप ब्रेक लावत वेग धरून ठेवणारं हिल डिसेंट कंट्रोल, 'स्नो' मोड, सगळं काही. टायर मात्र शोरूममधून आले तेच, हायवेचे. मी, बायको आणि मेहुणा. वरंध, ताम्हिणी भर पावसात केलेले, त्यामुळे निसरडा रस्ता आपल्याला कळतो असा माझा समज होता.

सकाळी नऊला सोलंगच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. रात्री बर्फ पडला होता, पुढे फक्त फोर-बाय-फोर. टॅक्सीवाल्यांच्या रांगेतून आम्हाला हात दाखवून पुढे सोडलं तेव्हा छाती जराशी फुगली, खोटं कशाला बोलू. धुंदी या ठिकाणापर्यंतचा चढ गाडीने असा चढला की मेहुणा म्हणाला, "बर्फ आहे की रांगोळी?" लाहौलला नेणाऱ्या अटल बोगद्याचं दक्षिण तोंड ३०६० मीटरवर, मनालीपेक्षा हजार मीटर वर. आत ९ किलोमीटर कोरडा रस्ता, पलीकडे लाहौलचं निळं आभाळ. तिथल्या सिस्सू गावात चहा, मॅगी, फोटो. एक वाजता भुरभुर सुरू झाली. तेव्हाच निघायला हवं होतं. निघालो साडेतीनला.

आता जरा गाडीच्या पोटात शिरू, कारण आमची चूक तिथेच होती. अशा गाडीत एरवी जोर बहुतेक पुढच्या चाकांना जातो, ती गरगरली की मागच्यांना. एखादं चाक एकटंच फिरायला लागलं तर ट्रॅक्शन कंट्रोल त्याला ब्रेक लावतं, इंजिनचा जोर कमी करतं. म्हणजे ही सगळी यंत्रणा असलेली पकड नीट वाटून देते. नसलेली पकड कुठून आणणार? साध्या गाडीची पुढची चाकं चढावर जागच्या जागी फिरली असती आणि ड्रायव्हरला पहिल्या दोन वळणांत कळलं असतं की आज रस्ता काच झालाय. आमच्या गाडीने ते आम्हाला कळूच दिलं नाही. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा सकाळी चार-पाच वेळा लुकलुकला होता. मी त्याला 'सिस्टीम काम करतेय' अशी शाबासकी दिली. तो सांगत होता की इथे पकड संपली आहे.

उतरताना फोर-बाय-फोरचं कौतुक जवळजवळ संपतं. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, ऑल्टोलाही. थांबणं ठरतं ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर. कोरड्या डांबरावर ताशी २० किलोमीटरला ब्रेक दाबला तर गाडी दोन-सव्वादोन मीटरांत थांबते. सपाट बर्फाच्या काचेवर तेच अंतर साधारण १५-१६ मीटर, पाच टक्के उतारावर तीसेक मीटर. उतार दहा टक्क्यांचा असेल तर ब्रेक आणि उतार यांची बरोबरी होते आणि गाडी थांबतच नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असो नसो, हे गणित बदलत नाही.

बोगद्यातून बाहेर पडलो तर दोन इंच ताजा बर्फ, त्याखाली दुपारी वितळून पुन्हा गोठलेला थर. हा खालचा थर खरा वैरी. डांबराचाच रंग दिसतो, नुसता ओला रस्ता वाटतो. पहिला एक-दीड किलोमीटर हिल डिसेंट लावून, ताशी दहा-बाराने नीट गेलो. मग एक सावलीतलं वळण आलं. पायाखाली एबीएसची करकर सुरू झाली, स्टिअरिंग वळवलं, गाडी सरळच. शेवाळलेल्या फरशीवर पाय सटकतो ना, तसं, फक्त फार सावकाश. विचार करायला भरपूर वेळ आणि करण्यासारखं काही नाही. बायकोने दाराचं हँडल धरलं. दरी उजवीकडे.

ब्रेक सोडला. उतारावर घसरत्या गाडीत ब्रेक सोडायला पाय तयार होत नाही, पण टायरजवळ जेवढी पकड असते तेवढ्यातच त्याने थांबायचंही असतं आणि वळायचंही. सगळी ब्रेकवर खर्च झाली की वळायला उरत नाही. चाकं मोकळी झाल्यावर स्टिअरिंगला थोडा जीव आला आणि मी गाडी डोंगराच्या बाजूला, बर्फ सारून केलेल्या ढिगात मुद्दाम घातली. बंपरची एक क्लिप तुटली. तेवढ्यावर भागलं.

मागून आलेला स्थानिक जीपवाला उतरला, टायर बघितले, म्हणाला, "साहब, चढ तो गए. उतरोगे कैसे? चेन कहाँ है?" चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरभोवती लावायची साखळी, होती. मनालीत घेतलेली, पिशवीतून एकदाही बाहेर न काढलेली. आम्ही ती सोडवत असताना हिमाचल पासिंगची एक जुनी ऑल्टो, पुढच्या दोन चाकांना चेन लावून, खुळखुळ करत आमच्या शेजारून शांतपणे खाली गेली. मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलला काहीच नाही.

चेन लावायला चाळीस मिनिटं गेली, तीही त्या जीपवाल्या दादांमुळे. पुढे सोलंगपर्यंत अडीच तास.

जाणार असाल तर चेन तुमच्या टायरच्या मापाची आहे का ते साइडवॉलवरचा आकडा वाचून बघा आणि घरच्या पार्किंगमध्ये एकदा हातमोजे घालून लावून पाहा. उणे तापमानात उघडी बोटं पाच मिनिटांत बधिर होतात. जमिनीवर टाकायला जुनी सतरंजी ठेवा. एकच जोडी असेल तर कुठल्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. आमच्यासारख्या पुढच्या चाकांवर आधारलेल्या गाडीत ती पुढे. पण मग उतारावर मागचा भाग मोकळा राहतो आणि वळणावर शेपूट बाहेर फेकू शकतो, हे आम्ही दोनदा अनुभवलं. परवडत असेल तर दोन जोड्या घ्या. चेन लावायची ती उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर. कोरड्या डांबरावर आणि बोगद्यात तिच्यासकट पळवू नका, तुटून चाकाच्या कमानीत शिरते.

टायरवर 'एम प्लस एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. खऱ्या हिवाळी टायरवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, मग नक्षी कितीही खोल असो. आपल्याकडे हे टायर सहज मिळत नाहीत, म्हणून तर चेन.

उतरताना ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअलमध्ये घेऊन पहिल्या-दुसऱ्यात ठेवा, पण गिअर झटक्याने खाली टाकू नका, त्या झटक्यानेही चाकं सुटतात. थार, जिम्नीवाल्यांना फोर-लोचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सावकाश गिअरचा, इथे मोठा आधार आहे. बोगद्यातल्या कोरड्या रस्त्यावर मात्र टू-व्हीलवर परत या. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, हसतील इतकं. ताज्या बर्फात चाक रुतून गाडी जागची हलेना झाली तर ट्रॅक्शन कंट्रोल थोडा वेळ बंद करा. ते इंजिनचा जोर कापत राहतं आणि तुम्हाला वाटतं अ‍ॅक्सिलरेटर बिघडला. निघालात की पुन्हा चालू.

वेळेचं म्हणाल तर दुपारी तीनच्या आत सोलंगच्या खाली या. सूर्य डोंगराआड गेला की वितळलेलं पाणी लगेच गोठतं. झरे रस्ता ओलांडतात तिथे आणि पुलांवर आधी. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना हवा वेगळी असते, एका बाजूचं ऊन बघून दुसरीकडचा अंदाज बांधू नका. आणि पोलिसांनी सोडलं याचा अर्थ रस्ता तुमच्या टायरला झेपेल असा नसतो.

रात्री गाडी 'पी'मध्ये, चाकांना दगड लावून. हँडब्रेक ओढून ठेवलात तर सकाळी गोठून बसलेला असू शकतो. वायपर उभे करून ठेवा. काच धुवायच्या टाकीतलं पुण्याचं साधं पाणी आमच्याकडे दुसऱ्याच सकाळी दगड झालं होतं.

जीपवाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत. गाडीत उरलेली बाकरवडी घेतली, एक खाल्ली आणि "मीठी है या तीखी, समझ नहीं आ रहा" म्हणाले. चेन मात्र वापरल्यावर धुऊन, वाळवून पिशवीत घाला. आमची तशीच ओली डिकीत राहिली आणि पुण्यात उघडेपर्यंत गंजली होती.