आमची वाटचाल : उसाच्या ट्रॅक्टरपासून रोटरी टर्बोच्या एक्झॉस्टपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची फॅब्रिकेशनची शेड आहे. वडिलांनी हा व्यवसाय सुरू केला तो यंत्रमागाच्या सांगाड्यांची दुरुस्ती, टॉवेल कारखान्यांतील वाफेच्या पाइपलाइनी आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांचे सायलेन्सर या कामांवर. भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बहुतेक वेळा फ्लँजलगतच्या (बोल्टने जोडायच्या चकतीजवळच्या) वेल्डिंगपाशीच फाटतो. तिथे नुसते पुन्हा वेल्डिंग करून दिले तर तो पुढच्या हंगामात पुन्हा तिथेच फाटतो, कारण तापलेल्या पाइपला वाढायला आणि हलायला जागाच ठेवलेली नसते. वडिलांनी मला सर्वांत आधी शिकवलेली गोष्ट ही होती आणि पुढची सगळी कामे आम्ही तिच्याच आधारावर केली.

डिप्लोमा पूर्ण करून मी शेडमध्ये आल्यानंतर आम्ही टिग (आर्गॉन वायूच्या आवरणात होणाऱ्या) वेल्डिंगचा सेट घेतला, स्टेनलेस स्टीलचे काम सुरू केले आणि पुण्यातील काही गॅरेजसाठी टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारे यंत्र) असलेल्या गाड्यांचे पाइप बनवू लागलो. बुलेटची पुंगळी काढून आवाज वाढवून देण्याची कामे मात्र आम्ही कधीही घेतली नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीतील मनमानी बदलांना मनाई करते, हे त्यामागचे एक कारण आहे. रुग्णालयासमोरून फटाके फोडत जाणारी गाडी ही आमच्या धंद्याचीच बदनामी आहे, हे दुसरे आणि आमच्या दृष्टीने अधिक मोठे कारण आहे.

रोटरी इंजिन आमच्याकडे आले ते एका ओळखीतून. वडिलांच्या जुन्या ग्राहकांचे चिरंजीव न्यूझीलंडमध्ये अभियंता म्हणून स्थायिक झाले आहेत आणि त्यांच्याकडे माझदा या जपानी कंपनीची, रोटरी इंजिनाची, तिसऱ्या पिढीची आरएक्स-७, म्हणजे एफडी, ही गाडी आहे. सुट्टीत सोलापूरला आले असताना ते शेडवर आले आणि म्हणाले, "दादा, एक्झॉस्ट बदलायचा आहे. एचकेएस, ग्रेडी, रेसिंग बीट, आरई अमेमिया, सगळ्या कंपन्यांचे पाहून झाले. कोणता घेऊ, की तुम्हीच बनवून द्याल?" मी त्यांना एवढेच सांगितले की गाडीत बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) मोजणारे मीटर बसवून त्याचे आकडे पाठवेपर्यंत काहीही घेऊ नये. हा सल्ला त्यांना सुरुवातीला फार सावध वाटला, पण त्यामागचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे.

सोलापूर हे कॅमशाफ्ट बनवणारे गाव म्हणून वाहन उद्योगात ओळखले जाते आणि या इंजिनात कॅमशाफ्टच नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून माझदाने जोपासलेल्या या इंजिनात पिस्टन आणि झडपा नसतात. त्रिकोणी रोटर एका कवचाच्या आत फिरतो आणि त्याचे टोक एक्झॉस्टच्या छिद्रावरून पुढे सरकले की तापलेला वायू एकदम बाहेर पडतो. झडप जशी हळूहळू उघडते तसे इथे काही होत नाही, त्यामुळे प्रत्येक ठोका तीव्र असतो. प्रत्येक रोटर मुख्य शाफ्टच्या एका फेऱ्यात एकदा ज्वलन करतो. म्हणजे मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर एफडीच्या दोन रोटरांचे मिळून सेकंदाला २३० हून अधिक ठोके पाइपमध्ये येतात. शिवाय इंजिन थंड राखण्यासाठी टर्बो रोटरीला पेट्रोल जास्त दिले जाते, सीलच्या वंगणासाठी थोडे तेलही ज्वलनात सोडले जाते, आणि त्यातील न जळलेला भाग पुढे पाइपमध्ये पेटतो. म्हणून रोटरीचा एक्झॉस्ट साध्या पिस्टन इंजिनापेक्षा अधिक तापतो आणि सायलेन्सरचे भरण लवकर जाळतो.

निवड करताना सर्वांत जास्त विचार कशाचा करावा, असे विचारले तर माझे उत्तर बूस्ट असे आहे. एफडीच्या १३बी-आरईडब्ल्यू या १,३०८ सीसीच्या इंजिनाला दोन टर्बो आहेत. कमी फेऱ्यांवर एक चालतो आणि साधारण ४,५०० फेऱ्यांच्या सुमारास दुसरा त्याला येऊन मिळतो. टर्बोच्या पुढचा मार्ग जितका मोकळा तितका टर्बो जोमाने फिरतो, आणि "थोडा बॅक प्रेशर (वायूच्या वाटेतला अडथळा) हवाच" ही सर्रास ऐकू येणारी समजूत टर्बाइननंतरच्या पाइपला लागू पडत नाही. परंतु जास्तीचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, हिची मूळ वाट लहान आहे. टर्बोला लागून असलेला डाउनपाइप, मधला कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मागचा सायलेन्सर हे तिन्ही एकदम मोकळे केले, तर वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट वर चढत राहतो, त्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि ते अवेळी पेटून इंजिन ठोकू लागते. रोटरच्या टोकाला असलेली अपेक्स सील ही सुमारे २ मिलिमीटर जाडीची पट्टी असते. पिस्टन इंजिन असे ठोके काही काळ तरी सोसते, ही पट्टी मात्र तडकते आणि मग संपूर्ण इंजिन उघडावे लागते. सुट्या भागांचा खर्च एक्झॉस्टच्या किमतीला कितीतरी मागे टाकतो.

त्यामुळे आमचा क्रम ठरलेला आहे. आधी बूस्ट मीटर, मग टर्बोच्या नियंत्रणासाठी असलेल्या व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांची तपासणी, कारण या गाड्यांचे उत्पादन २००२ मध्ये थांबले आणि इतक्या वर्षांत त्या नळ्या कडक होऊन चिरतात. त्यानंतर पॉवर एफसीसारखा ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि शेवटी पाइप. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कॅट काढून तिथे सरळ पाइप टाकावा, असे आम्ही सुचवत नाही. कमी अडथळ्याचा कॅट प्रदूषणाच्या दृष्टीने योग्य आहेच, शिवाय बूस्ट आवाक्यात राखायलाही तो मदत करतो.

पाइपच्या व्यासावर ग्राहक फार वेळ घालवतात, तेवढा तो विषय अवघड नाही. अडीच इंचावरून तीन इंचांवर गेले की मार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते आणि मूळ टर्बो असलेल्या एफडीला तीन इंच पुरेसे आहेत. धातूकडे मात्र बारकाईने पाहावे. ३०४ स्टेनलेस सहसा गंजत नाही, पण तापल्यावर ४०९ या दुसऱ्या प्रकारच्या स्टेनलेसपेक्षा बराच जास्त वाढतो. मीटरभर लांबीचा ३०४ चा पाइप ६०० अंशांनी तापला तर साधारण १ सेंटिमीटर लांबतो. हा सेंटिमीटर कुठे जाणार, याचे उत्तर ज्याच्या रचनेत नाही तो पाइप कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये. आम्ही पुढच्या भागात बेलोज (लवचीक जोड) देतो, रबरी हँगरांची जागा पाइप गरम असताना कशी सरकेल हे पाहून ठरवतो आणि वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडतो. तसे न केल्यास सांध्याच्या आतल्या बाजूला खरबरीत काळा थर धरतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. सायलेन्सरमध्ये छिद्रांच्या नळीभोवती आधी स्टेनलेसच्या तारांची लोकर आणि तिच्या बाहेर उष्णतेला टिकणारे भरण असते, आणि ते बदलता यावे म्हणून मागची झाकणी बोल्टची ठेवतो. टायटॅनियम वजनाला हलके आहे, पण त्याच्या सांध्यांना लागणारी स्वच्छता आमच्या शेडमध्ये अजून साधलेली नाही, म्हणून ते काम आम्ही घेत नाही.

त्या अभियंत्यांनी आकडे पाठवले, ईसीयू बसवला आणि फ्लँजचे माप गॅस्केटवरून कागदावर उतरवून धाडले. मधला आणि मागचा भाग आम्ही सोलापुरात बनवला. पाइप गिअरबॉक्सच्या बाजूने, अरुंद बोगद्यातून जातो, म्हणून गाडी समोर नसताना तो जुळावा यासाठी लाकडी जिग (पाइप नेमक्या जागी धरणारा साचा) तयार केली. जोडणी आणि ट्यूनिंग तिकडच्या रोटरी कारागिरांनी केले आणि गाडी तिथल्या आवाजाच्या तपासणीत उत्तीर्ण झाली. त्यानंतर त्यांच्या परिचितांकडून विचारणा येऊ लागल्या.

आज ट्रॅक्टरचे सायलेन्सर हेच आमचे मुख्य उत्पन्न आहे आणि रोटरीची कामे वर्षाकाठी थोडीच असतात. प्रत्येक ग्राहकाकडून आम्ही सध्याच्या बूस्टची नोंद, ईसीयूचा प्रकार, वेस्टगेटमध्ये केलेले बदल आणि त्यांच्या भागातील आवाजाची मर्यादा मागवतो. ही माहिती आल्याशिवाय आगाऊ रक्कम स्वीकारत नाही. सध्या १९८५ मध्ये आलेल्या एफसी या आधीच्या पिढीच्या टर्बो गाडीसाठी जिग बनवणे सुरू आहे. तिला एकच टर्बो असून मागे पाइप दोन सायलेन्सरांत विभागतो, त्यामुळे दोन्ही शाखांचे बेंड एकसारखे यावेत यासाठी नवीन डायची ऑर्डर दिली आहे.